पुनर्रोपित गुडघ्याचे स्थैर्य : ‘बंधन शक्य तितके कमी, आवश्यक तितके’ या सूत्राची चिकित्सा

प्रस्तावना

‘गुडघ्याची वाटी बदलली’ हे वाक्य आज मराठी घरांत सहजपणे उच्चारले जाते. ऑक्टोबर २००० आणि जून २००१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या आणि या उपचाराचे नाव वैद्यकीय वर्तुळाबाहेर सर्वतोमुखी झाले. वस्तुतः या शस्त्रक्रियेत वाटी बदलली जातेच असे नाही. मांडीच्या हाडाचे खालचे टोक व नडगीचे वरचे टोक यांवरील झिजलेला भाग कापून तेथे धातूची आवरणे बसविली जातात आणि त्यांच्यामध्ये पॉलिइथिलीनची चकती ठेवली जाते. गुडघ्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे अस्थिबंध मात्र रुग्णाचे स्वतःचेच राहतात. नवा सांधा हलतो तो या जुन्या दोरांच्या आधाराने.

असा सांधा निकामी झाला तर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. या दुसऱ्या शस्त्रक्रियेत शल्यविशारदापुढे येणारा गुडघा पहिल्यासारखा नसतो. सैल झालेल्या रोपणाने हाड कोरून टाकलेले असते, जंतुसंसर्ग झाला असल्यास मृदू ऊतींची हानी झालेली असते, आणि जे अस्थिबंध पहिल्या वेळी गृहीत धरता आले त्यांपैकी एखादा ताणलेला, फाटलेला किंवा नाहीसाच झालेला असतो. म्हणून प्रश्न उद्भवतो तो असा, की गमावलेला आधार नव्या रोपणाने किती प्रमाणात स्वतःकडे घ्यावा? या निवडीबाबत पाठ्यपुस्तके, परिषदांतील व्याख्याने आणि आढावालेख यांत एक सूत्र सर्वत्र आढळते : बंधन शक्य तितके कमी, आवश्यक तितके.

प्रस्तुत लेखात या सूत्राची चिकित्सा करावयाची आहे. शल्यविशारदाला त्याची विद्या शिकविण्याचा हेतू येथे नाही. परंतु एखाद्या ज्ञानशाखेत रूढ झालेले सूत्र कोणत्या गृहीतकांवर उभे आहे आणि त्याला दिला जाणारा पुरावा कितपत टिकतो, हे तपासण्याचे काम त्या शाखेबाहेरच्या वाचकालाही करता येते, किंबहुना त्याने ते करावे. सूत्र चुकीचे आहे असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. ते अपुरे आहे, आणि त्याच्या अपुरेपणाची किंमत विशिष्ट प्रकारच्या रुग्णाला मोजावी लागते, एवढाच येथील दावा आहे.

एक शब्द, दोन अर्थ

प्रथम परिभाषेचा प्रश्न. कृत्रिम सांध्याच्या संदर्भात ‘स्थिरता’ हा शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. चालताना, जिना उतरताना गुडघा बाजूला लचकू नये, मागेपुढे सरकू नये, ही पहिली गोष्ट. ती दोन हाडांच्या परस्परसंबंधाविषयी आहे. धातूचा भाग हाडात घट्ट बसलेला असावा, ही दुसरी. ती रोपण आणि हाड यांच्या संबंधाविषयी आहे. या दोहोंना एकच नाव दिल्याने मराठी लेखनात, आणि रुग्णाशी होणाऱ्या संभाषणातही, मोठा घोटाळा होतो. ‘सांधा सैल झाला’ असे डॉक्टरांनी सांगितले तर हाडातून रोपण सुटले की अस्थिबंध ढिले पडले, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. या लेखात पहिल्या अर्थी ‘स्थैर्य’ आणि दुसऱ्या अर्थी ‘पकड’ हे शब्द योजले आहेत. इंग्रजीत ज्याला कन्स्ट्रेंट म्हणतात त्यासाठी ‘बंधन’ हा शब्द स्वीकारला आहे. ‘निर्बंध’ किंवा ‘नियंत्रण’ यांपेक्षा तो अधिक योग्य वाटतो, कारण अस्थिबंधाने सोडलेले काम रोपणातील बंधन करते हे नाते त्या शब्दातच दिसते.

स्थैर्य आणि पकड यांची नावे वेगळी केल्यावर त्यांच्यातील विरोध स्पष्ट होतो. गुडघ्याला बाजूने बसणारा धक्का निरोगी अवस्थेत अस्थिबंध सोसतो. अस्थिबंध नसेल आणि ते काम रोपणातील खुंटीने किंवा बिजागरीने केले, तर धक्का नाहीसा होत नाही. तो पॉलिइथिलीनकडून धातूकडे, धातूकडून सिमेंटकडे आणि सिमेंटकडून हाडाकडे जातो. म्हणजे स्थैर्य वाढविण्यासाठी घातलेले बंधन पकडीवर भार टाकते. वर दिलेल्या सूत्राचे सारे तर्कशास्त्र या एका वाक्यात आहे, आणि तेवढ्यापुरते ते निर्विवाद आहे.

बंधनाच्या पायऱ्या सामान्यतः अशा सांगितल्या जातात. सर्वांत खालच्या पायरीवर मागील क्रूस-अस्थिबंध राखणारा सांधा. त्यावर पीएस या नावाने ओळखला जाणारा सांधा, ज्यात तो अस्थिबंध काढून त्याच्या जागी पॉलिइथिलीनची खुंटी आणि तिला अडणारा धातूचा कॅम येतो. हा सांधा नडगीला मागे सरकण्यापासून रोखतो, परंतु बाजूच्या लचकण्यावर त्याचा काहीही ताबा नसतो. त्याच्या वरची पायरी सीसीके प्रकाराची. येथे खुंटी अधिक उंच व रुंद असते, मांडीच्या भागातील खाचेत ती घट्ट बसते आणि बाजूचे झुकणे दोन-तीन अंशांपुरते मर्यादित करते. दोन्ही भाग येथवर परस्परांपासून सुटेच असतात. सर्वांत वर बिजागरीचा सांधा. त्यात दोन्ही भाग आसाने जोडलेले असतात, आणि आजच्या फिरत्या बिजागरीत वाकण्याबरोबर नडगीला स्वतःभोवती काही प्रमाणात वळताही येते.

बिजागरीची अपकीर्ती

सूत्रात ‘शक्य तितके कमी’ हा अर्धा भाग आधी येतो, याला इतिहासाचे कारण आहे. गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याचा आरंभच बिजागरीने झाला. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लिस ग्लुक यांनी १८९० साली हस्तिदंती बिजागरी बसविली. स्वीडनमध्ये वाल्डियस यांनी १९५१ पासून आणि इंग्लंडमध्ये शियर्स यांनी त्याच दशकात बिजागरीचे सांधे वापरले. फ्रान्समध्ये ग्वेपार गटाची बिजागरी १९७० च्या सुमारास आली. हे सारे सांधे दाराच्या बिजागरीप्रमाणे एकाच आसाभोवती फिरणारे होते. माणसाचा गुडघा तसा नाही. तो वाकताना वळतो, सरळ होताना पुन्हा उलट वळतो. या वळण्याला वाव न दिल्यामुळे प्रत्येक पावलाचा पीळ थेट हाडाच्या पकडीवर गेला. सांधे सैल झाले, हाड खचले, आणि जंतुसंसर्गाचे प्रमाणही चिंताजनक राहिले.

याच्या प्रतिक्रियेतून न्यूयॉर्कच्या हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी या संस्थेत जॉन इन्सॉल, चित्तरंजन रणावत आणि पीटर वॉकर यांनी टोटल कंडायलर सांधा घडविला; त्याचे पहिले रोपण १९७४ मध्ये झाले. (इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले हेच रणावत पुढे वाजपेयींच्या शस्त्रक्रियांसाठी मुंबईला आले होते.) केवळ पृष्ठभाग बदलावा आणि स्थैर्याचे काम रुग्णाच्या अस्थिबंधांवर सोपवावे, हे त्यामागचे तत्त्व होते. ते यशस्वी ठरले आणि आजचे बहुतेक सर्व सांधे त्याचेच वंशज आहेत. एका पिढीच्या शल्यविशारदांनी बिजागरीचा पराभव आणि पृष्ठरोपणाचा विजय स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्यांच्या शिष्यांनी तो धडा म्हणून पाठ केला.

धडा पाठ करताना मात्र त्यातील तपशील गळून पडला. अपयशी ठरली ती एकाच आसाची, त्या काळच्या तंत्राने बसविलेली बिजागरी. पीळ सोडून देणारी फिरती बिजागरी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आली, नंतर तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, आणि हाडातील पकडीची साधनेही पार बदलली. ‘बिजागरी सैल होते’ हे विधान ज्या वस्तूविषयी केले गेले ती वस्तू आज बहुतांशी वापरातच नाही. विधान मात्र टिकून आहे. विज्ञानात असे वारंवार घडते. निष्कर्ष लक्षात राहतो, अटी विसरल्या जातात.

तरीही बिजागरीविषयीची सावधगिरी निराधार नाही, हे येथेच नोंदविले पाहिजे. बिजागरीला जागा करून देण्यासाठी हाड अधिक कापावे लागते. तिचे भाग तुटू शकतात. ती निकामी झाली, विशेषतः जंतुसंसर्गाने, तर पुढे उरणारे पर्याय फार थोडे असतात : गुडघा कायमचा सरळ जोडून टाकणे किंवा मांडीतून पाय कापणे. पन्नाशीच्या रुग्णाच्या बाबतीत शल्यविशारदाचा हात बिजागरीपाशी थबकतो तो योग्य कारणाने थबकतो.

‘आवश्यक’ कोठून येते?

सूत्राचा दुसरा अर्धा भाग अधिक अडचणीचा आहे. ‘आवश्यक तितके’ म्हणताना आवश्यकता ही रुग्णाच्या गुडघ्यात आधीच अस्तित्वात असलेली, मोजून घेण्याजोगी राशी आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ती राशी बऱ्याच अंशी शस्त्रक्रियेदरम्यान निर्माण होते. हा मुद्दा जरा विस्ताराने पाहणे आवश्यक आहे.

गुडघा सरळ असताना मांडीचा भाग आणि नडगीचा भाग यांच्यामध्ये एक फट राहते. नव्वद अंशांत वाकविला असता दुसरी फट राहते. चकतीची जाडी एकच असल्याने दोन्ही फटी सारख्या असाव्या लागतात. पुनर्शस्त्रक्रियेत वाकलेल्या स्थितीतील फट बहुधा मोठी निघते, कारण मांडीच्या हाडाचा मागचा भाग झिजलेला किंवा जुने रोपण काढताना गेलेला असतो. अशा वेळी उरलेल्या हाडावर सहज बसेल असा लहान आकाराचा मांडीचा भाग निवडण्याचा मोह होतो. लहान भाग निवडला की वाकलेल्या स्थितीतील फट आणखी वाढते. ती भरण्यासाठी जाड चकती घातली की सरळ स्थितीत गुडघा पुरता सरळ होत नाही. मग तो सरळ व्हावा म्हणून मांडीच्या हाडाचे टोक आणखी कापले जाते, आणि सांध्याची रेषा वर सरकते.

ही रेषा निसर्गतः फिब्युला या बारीक हाडाच्या माथ्यापासून साधारण दीड सेंटीमीटर वर असते. ती वर गेली की दोन दुष्परिणाम होतात. वाटी तुलनेने खाली राहते आणि वाकताना चकतीच्या कडेवर आपटू लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाजूचे अस्थिबंध ज्या केंद्राभोवती ताण सांभाळतात ते केंद्र बदलते, आणि गुडघा सरळ असताना घट्ट, नव्वद अंशांत घट्ट, परंतु मधल्या टप्प्यात ढिला, अशी विचित्र अवस्था येते. खुर्चीतून उठताना आणि जिना उतरताना लागतो तो नेमका हाच मधला टप्पा.

आता शल्यविशारद गुडघा हाताने हलवून पाहतो आणि तो बाजूला लचकतो असे त्याच्या ध्यानात येते. सूत्र त्याला सांगते : आवश्यकता सिद्ध झाली, वरच्या पायरीचे बंधन वापर. तो सीसीकेची खुंटी बसवितो. नोंदीत ‘अस्थिबंधांच्या अकार्यक्षमतेमुळे सीसीके’ असे लिहिले जाते. अस्थिबंध कदाचित शाबूत होते. मांडीचा योग्य आकाराचा भाग घेऊन त्याच्या मागे धातूचे ठोकळे बसविले असते, हाडात जाणारा स्टेम किंचित मागे सरकविता येणारा घेतला असता, आणि रोपण योग्य वळणात बसविले असते, तर पीएस सांध्यावर काम भागले असते. मांडीचा भाग आत वळवून बसल्यामुळे वाकलेल्या स्थितीत एक बाजू ढिली होते, तिचेही असेच.

केली विन्स यांनी मांडलेल्या तीन पायऱ्यांच्या पद्धतीचे मोल या ठिकाणी कळते. आधी नडगीचे पीठ उभारावे, मग वाकलेल्या स्थितीतील गुडघा सिद्ध करावा, शेवटी सरळ स्थितीतील. मांडीच्या भागाचा आकार उरलेल्या हाडावरून न ठरविता वाकलेल्या स्थितीतील मृदू ऊतींच्या ताणावरून ठरवावा, हा त्यातील कळीचा मुद्दा. या क्रमाने गेल्यावरही जो ढिलेपणा उरतो तोच खरा, आणि बंधनाची आवश्यकता ठरवावयाची ती त्यावरून. सूत्र हा क्रम सांगत नाही. ते शेवटच्या क्षणी हजर होते आणि आधीच्या चुका ‘आवश्यकता’ या नावाने पदरात घेते.

याच्या उलट बाजूचा दोषही तितकाच गंभीर आहे. आतील बाजूचा अस्थिबंध पूर्णपणे नाहीसा झाला असेल तर सीसीकेची खुंटी त्याची जागा घेऊ शकते का? खुंटी अखेर पॉलिइथिलीनची आहे. तिला अस्थिबंधाचा मदतनीस म्हणून घडविले आहे, त्याचा वारस म्हणून नव्हे. एकटीवर सारा भार पडला तर ती झिजते, वाकते, प्रसंगी मोडते. बाहेरील बाजूचा अस्थिबंध गेला असता मांडीच्या बाहेरून येणारा स्नायुपट्टा व इतर स्नायू काही आधार देतात. आतील बाजूला असा पर्यायी आधार तुटपुंजा आहे. म्हणून आतील अस्थिबंधाचा संपूर्ण अभाव, दोन फटींमधील न भरून निघणारी तफावत, अस्थिबंध जेथे चिकटतात ते हाडच नष्ट होणे, आणि स्नायू दुर्बल झाल्याने गुडघा मागे वाकणे, या अवस्थांत बिजागरी हाच सुसंगत पर्याय ठरतो. शेवटच्या प्रकारात बालपणी पोलिओ झालेले रुग्ण येतात, आणि आपल्या देशात त्या पिढीतील माणसे आता साठीच्या आसपास आहेत. अशा रुग्णाला ‘शक्य तितके कमी’ या भावनेने सीसीके बसविणे म्हणजे तिसऱ्या शस्त्रक्रियेची तारीख ठरविणे होय.

पुराव्याविषयी

सूत्राच्या समर्थनार्थ सांगितले जाते की बिजागरीच्या सांध्यांचे निकाल सीसीकेपेक्षा वाईट आहेत आणि सीसीकेचे पीएसपेक्षा. मालिकांच्या अहवालांत असे आढळते हे खरे. पण हे वाक्य महाविद्यालयीन अध्यापकाला ओळखीचे वाटावे. पूरक वर्गाला बसणाऱ्या विद्यार्थ्यांचा निकाल इतरांपेक्षा कमी लागतो. त्यावरून पूरक वर्ग विद्यार्थ्यांचे नुकसान करतात असा निष्कर्ष कोणी काढत नाही. बिजागरी बसते ती सर्वांत उद्ध्वस्त गुडघ्यांत : जेथे जंतुसंसर्गामुळे दोन टप्प्यांत शस्त्रक्रिया झाली, हाड गेले, अस्थिबंध गेले. ज्या कारणाने ती निवडली त्याच कारणाने निकालही खालावतो. संख्याशास्त्रज्ञ अशा संभ्रमाला कारणदर्शी संभ्रम म्हणतील. वय, हाडाची हानी, आधीच्या शस्त्रक्रियांची संख्या यांचे समायोजन करून तो थोडा कमी करता येतो. परंतु शस्त्रक्रियेच्या वेळी अस्थिबंध कसा दिसला ही निर्णायक गोष्ट कोणत्याच नोंदवहीच्या रकान्यात पुरेशा सूक्ष्मतेने येत नाही. चिठ्ठ्या टाकून तुलना करणारे मोठे अभ्यास येथे जवळजवळ अशक्य आहेत, आणि आतील अस्थिबंध नसलेल्या रुग्णाला चिठ्ठीनुसार पीएस बसविणे नीतीलाही धरून होणार नाही.

दुसरी अडचण ‘अपयश’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. स्वीडनची गुडघा-नोंदवही १९७५ पासून, ऑस्ट्रेलियाची सांधे-नोंदवही १९९९ पासून आणि इंग्लंड व वेल्सची २००३ पासून चालू आहे. या नोंदवह्यांनी सांधेरोपणाची विद्या खऱ्या अर्थाने सार्वजनिक केली, त्यांचे ऋण मोठे आहे. मात्र त्यांच्या हिशेबात अपयश म्हणजे पुन्हा शस्त्रक्रिया. बिजागरी सैल झाली तर क्ष-किरण प्रतिमेत दिसते, शस्त्रक्रिया होते, अपयश नोंदले जाते. कमी बंधनाचा सांधा लचकत राहिला तर काय होते? अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजी तिसऱ्यांदा भूल घ्यायला तयार नसतात. त्या पट्टा बांधतात, वॉकर घेतात, देवळाच्या पायऱ्या सोडतात, मग अंगण सोडतात. नोंदवहीत त्यांचा सांधा यशस्वी म्हणून मोजला जातो. रुग्णांच्या स्वतःच्या अनुभवावर आधारलेल्या प्रश्नावल्या काही नोंदवह्यांनी नंतर जोडल्या, तरी चर्चेत उद्धृत होतो तो ‘टिकाव’ याचाच आकडा. परिणामी अधिक बंधनाची चूक मोजली जाते आणि कमी बंधनाची चूक झाकली जाते. ‘शक्य तितके कमी’ या बाजूला झुकलेले सूत्र मग पुराव्याने सिद्ध झाल्यासारखे दिसते.

कारणांच्या याद्यांविषयीही असेच म्हणता येईल. फिलाडेल्फिया येथील शार्की व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या २१२ पुनर्शस्त्रक्रियांच्या अहवालात अस्थैर्याचा वाटा २१.२ टक्के होता. त्याच गटाच्या २०१४ मधील ७८१ शस्त्रक्रियांच्या अहवालात तो ७.५ टक्के झाला, तर सैल होण्याचा वाटा २४.१ वरून ३९.९ टक्क्यांवर गेला. साधने व तंत्र सुधारल्याचा यात भाग असणारच. पण ढिल्या गुडघ्यातील रोपण कालांतराने सैल होते आणि सैल रोपणाचा गुडघा ढिला भासतो. अशा गुडघ्यावर कारण म्हणून कोणती चिठ्ठी लावावी हे लावणाऱ्याच्या दृष्टीवर अवलंबून राहते. या टक्केवाऱ्यांवरून अस्थैर्याचा प्रश्न सुटत आला असे मानणे घाईचे होईल.

पकड सुधारली, सूत्र तेच राहिले

बंधन पकडीवर भार टाकते, हे मान्य केले तर पकड जसजशी सुधारेल तसतसा ‘आवश्यक’ आणि ‘शक्य’ यांचा तोल बदलायला हवा. गेल्या दोन दशकांत पकडीची साधने खरोखर बदलली. हाडातील पोकळीत बसणारे सच्छिद्र टँटलमचे शंकू आणि टायटॅनियमच्या सच्छिद्र बाह्या यांत हाड स्वतः वाढून शिरते. मॉर्गन-जोन्स, हद्दाद आदींनी २०१५ साली हाडाच्या तीन पट्ट्यांची कल्पना मांडली : सांध्यालगतचा, त्याच्या आतला रुंद भाग आणि नळीसारखा दांडा. यांपैकी किमान दोन पट्ट्यांत भक्कम पकड मिळवावी असे ते सांगतात. मधला पट्टा असा हाती लागल्यावर बिजागरीचा पीळ सोसण्याची हाडाची क्षमता पूर्वीपेक्षा वेगळी झाली आहे.

असे असूनही नियोजनात पकड आणि बंधन यांचा विचार वेगवेगळ्या खणांत होतो. एंग यांचे एओआरआय वर्गीकरण मांडीच्या व नडगीच्या हाडाची हानी पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात मांडते. ते उपयुक्त आहे, सर्वत्र वापरले जाते. त्याला अस्थिबंधांविषयी स्वतंत्रपणे काही म्हणायचे नसते. तिसऱ्या प्रकारात हाडाबरोबर अस्थिबंधांची मुळेही जाण्याचा संभव असतो, एवढाच काय तो दुवा. अस्थिबंधांच्या हानीचे तितकेच सर्वमान्य वर्गीकरण उपलब्ध नसल्यामुळे बंधनाचा निर्णय तपासणाऱ्या हाताच्या अनुभवावर राहतो. अनुभवी हाताचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु भूल दिलेल्या रुग्णाच्या स्नायूंत ताण नसतो, आणि टेबलावर पडलेला गुडघा म्हणजे चालणारा गुडघा नव्हे. जागेपणी केलेली तपासणी, उभे राहून काढलेल्या क्ष-किरण प्रतिमा आणि बाजूने ताण देऊन काढलेल्या प्रतिमा यांवरून बंधनाची पायरी शस्त्रक्रियेपूर्वीच बहुतांशी ठरविता येते. ती तशी ठरविणे आणि शस्त्रक्रियेत फक्त पडताळणे, हा मार्ग प्रस्तुत लेखकाला अधिक शास्त्रशुद्ध वाटतो.

आपल्याकडील रुग्ण

वरील सूत्र ज्या समाजांत घडले तेथील रुग्ण खुर्चीवर बसतो. आपल्याकडील रुग्णाला डॉक्टर मनाई करतात, तरी तो जमिनीवर बसतो; पूजा, पंगत, शेजारच्या घरचा सांत्वनाचा प्रसंग, यांतले एखादे कारण त्याला पुरते. मांडी घालताना गुडघा खोल वाकतो आणि त्याच वेळी बाहेरच्या बाजूने उघडतो. वाकलेल्या स्थितीतील फट मोठी राहिलेल्या पीएस सांध्यात कॅम खुंटीवरून उडी मारून निसटण्यास हीच हालचाल अनुकूल असते. म्हणजे एकाच एक्स-रेचे दोन गुडघे, दोन संस्कृतींत, निरनिराळे बंधन मागू शकतात. आपल्या निवडीच्या निकषांत रुग्णाच्या बसण्याच्या सवयीला स्थान असावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

अर्थकारणाचा उल्लेख टाळता येणार नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने गुडघ्याच्या रोपणांच्या कमाल किमती ठरविल्या. तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियम सांध्याची मर्यादा ५४,७२० रुपये आणि पुनर्शस्त्रक्रियेच्या सांध्याची १,१३,९५० रुपये, कर वगळून, अशी होती. रुग्णांना त्याचा दिलासा मिळाला हे उघड आहे. परंतु पुनर्शस्त्रक्रियेत रोपणाची किंमत हा खर्चाचा केवळ एक भाग. बिजागरीचा संच सर्व ठिकाणी तयार नसतो, तो आधी मागवावा लागतो. ज्या दिवशी तो टेबलाशेजारी नाही त्या दिवशी ‘शक्य तितके कमी’ याचा अर्थ ‘हाताशी आहे तितके’ असा होतो, आणि सूत्र त्याला शास्त्राची चादर पांघरते. पुनर्शस्त्रक्रियेला निघताना सर्व पायऱ्यांचे संच जवळ असावेत, हा नियम म्हणून सूत्राइतकाच महत्त्वाचा आहे, पण तो इतक्या वेळा उच्चारला जात नाही.

शेवटी नोंदींविषयी. इंडियन सोसायटी ऑफ हिप अँड नी सर्जन्स या संघटनेची नोंदवही भारतात आहे, परंतु तिच्यातील सहभाग ऐच्छिक आहे. त्यामुळे दुसऱ्या शहरात झालेल्या पहिल्या शस्त्रक्रियेची माहिती दुसऱ्या शल्यविशारदाला मिळते ती मुख्यतः रुग्णाजवळच्या कागदांतून. रोपणाच्या वेष्टनावरील चिकटपट्ट्या, कोणत्या पायरीचे बंधन वापरले, ते का वापरले, आतील व बाहेरील अस्थिबंध कोणत्या अवस्थेत होते, आणि दोन्ही फटी किती होत्या, इतका मजकूर एका पानात मराठीत लिहून देता येतो. अनेकदा डिस्चार्ज कार्डावर ‘गुडघा सांधेरोपण, उजवा’ एवढीच ओळ असते.